आधी पूर्वपक्ष

यंदाच्या वादविवाद स्पर्धेत परीक्षक या नात्याने आम्ही जो निकाल दिला तो चुकीचा होता, हे कबूल करण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत. वार्षिकांकात गुरुजनांनी उपदेश करावा असा प्रघात आहे. या खेपेस थोडा कबुलीजबाब वाचावा लागला तर वाचकांनी क्षमा करावी.

स्पर्धेचा विषय होता, 'बहिणीने वडिलार्जित मिळकतीतला आपला हिस्सा घ्यावा काय?' आमच्या या सीमाभागात हा विषय केवळ पुस्तकी नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत ज्या घरी तुरीची वा उसाची दोनचार एकर जमीन आहे, त्या घरी तो कधी ना कधी उंबऱ्याशी येऊन उभा राहतोच. दहावीतील एका मुलाने 'घेऊ नये' ही बाजू मांडली. आवाज खणखणीत, शब्द निवडक. भाऊबीज, ओवाळणी, माहेरचा उंबरठा, आईच्या हातची भाकरी, सारे काही त्याने अशा तऱ्हेने उभे केले की मागच्या बाकांवर बसलेल्या पालकांचेही डोळे पाणावले. त्यानंतर नववीतील एक मुलगी उठली. तिचे नाव येथे छापत नाही. तिला ते आवडणार नाही. ती एवढेच म्हणाली, "हिस्सा घेऊ नये असे सांगणारे सगळे 'तिने आपला हिस्सा सोडावा' असेच म्हणतात. जो आपला नाही तो सोडता येत नाही. म्हणजे तो तिचा आहे हे त्यांनी आधीच मान्य केले." आणि ती खाली बसली. पाच मिनिटांपैकी अर्धे मिनिटही तिने घेतले नाही. आम्ही पहिले बक्षीस मुलास दिले आणि मुलीच्या गुणपत्रिकेवर शेरा मारला, 'मुद्दे अपुरे.'

पुढे दिवाळीच्या सुटीत आम्ही 'मिताक्षरे'चा दायविभाग वाचावयास घेतला. आम्ही पदवीधर कलाशाखेचे, कायद्याचे नव्हे. घरची भाषा कोंकणी, शिकवावयाचे मराठीत, आणि बाजारात बोलावयाचे कानडीत. तेव्हा संस्कृत टीकाग्रंथ आम्ही काही सहजी वाचत नाही, भाषांतराचा हात धरूनच वाचतो. वाचता वाचता एके ठिकाणी थबकलो. त्या मुलीचा युक्तिवाद सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या पानावर आमच्याकडे पाहत होता.

हा ग्रंथ परका नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर हे आपल्या परिसराचे. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजेच चालुक्यांची राजधानी कल्याण. आणि कलबुर्गी जिल्ह्यातील, शहाबादजवळच्या मरतूर गावाशी विज्ञानेश्वरांचे नाव जोडले जाते. १०७६ ते ११२६ या काळात राज्य करणाऱ्या सहाव्या विक्रमादित्याची आणि कल्याण नगरीची स्तुती त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस मोकळ्या मनाने केली आहे. आपण किल्ला पाहावयास सहल नेतो, बुरुज मोजतो, तोफेवर बसून छायाचित्र काढतो. परंतु या नगरीच्या छायेत लिहिलेला एक ग्रंथ पुढे बंगाल वगळता बहुतेक साऱ्या भारतातील हिंदू घरांच्या वाटण्या ठरवीत आला, हे मात्र कोणी सांगत नाही. १८१० साली कोलब्रुक या इंग्रज पंडिताने त्यातील वारसाहक्काचे प्रकरण इंग्रजीत आणले आणि तेव्हापासून न्यायालयांत त्याचा आधार शब्दशः घेतला जाऊ लागला.

विज्ञानेश्वरांची वाद करण्याची रीत अशी की प्रथम विरोधकाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, मांडावयाचा. आणि तो दुबळा करून नव्हे, विरोधकाने स्वतः मांडला असता तितकाच सबळ करून. मगच त्याचे उत्तर. आपल्याकडील वादविवाद स्पर्धांत नेमके उलटे चालते. विरुद्ध पक्षाचे बुजगावणे उभे करावयाचे आणि त्यास काठीने झोडपून टाळ्या घ्यावयाच्या.

त्यांच्या एका वादाचा मासला पाहू. प्रश्न असा: एखादी वस्तू 'माझी' आहे हे कशावरून ठरते? शास्त्राने सांगितले म्हणून, की जगाच्या व्यवहारावरून? पूर्वपक्ष म्हणतो, शास्त्रावरूनच. कारण गौतमाने वारसा, खरेदी, वाटणी इत्यादी स्वामित्वाची साधने मोजून सांगितली आहेत. स्वामित्व जर लोकांस आपोआप कळत असते तर ती सांगण्याची गरज काय होती? शिवाय स्वामित्व नुसते लौकिक असेल तर ज्याच्या हाती वस्तू दिसते तोच धनी ठरेल. मग 'याने माझी वस्तू चोरली' असे म्हणण्यास जागाच उरणार नाही. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही, हे ध्यानात घ्यावे.

उत्तर देताना विज्ञानेश्वर अग्नीचे उदाहरण घेतात. यज्ञातील आहवनीय अग्नी हा शास्त्रानेच कळतो. नुसते पाहून तो चुलीतल्या विस्तवाहून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून त्याचे कार्यही शास्त्रातलेच. कोणी म्हणेल, त्या अग्नीवरही भात शिजतोच की! त्यावर त्यांचे म्हणणे असे की भात शिजतो तो आहवनीय म्हणून नव्हे, साधा अग्नी म्हणून. परंतु सोन्याचे तसे नाही. नुसते सोने आहे म्हणून बाजारात काही विकत मिळत नाही. ते माझे आहे म्हणून मिळते. जे आपले नाही ते देऊन कोणी खरेदी करू शकत नाही. म्हणजे स्वामित्व हे रोजच्या व्यवहारातले काम करते, आणि जे रोजच्या व्यवहाराचे काम करते ते लौकिकच असले पाहिजे. चोरीच्या आक्षेपाचेही उत्तर आहे. हाती वस्तू असणे आणि वस्तू आपली असणे यांत लोकही भेद करतातच. संशय येतो तो खरेदी वगैरे व्यवहार खरोखर झाला की नाही याविषयी, आणि त्यामुळे स्वामित्वाविषयी.

याच ओघात त्यांनी एक पुरावा दिला आहे, तो वाचून आम्हांस हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला. ते म्हणतात, ज्यांनी शास्त्र पाहिलेलेच नाही अशा प्रत्यंतवासी लोकांतही खरेदीविक्री चालते. म्हणजे 'माझे-तुझे' त्यांनाही कळते. प्रत्यंतवासी म्हणजे सरहद्दीवर राहणारे! त्यांच्या मनात दूरदूरचे रानटी लोक असतील हे उघड आहे. पण महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सरहद्दींना टेकून राहणाऱ्या आम्हां मंडळींस तो शब्द अंगाला लावून घेण्याचा मोह आवरत नाही. राजधानीत बसून लिहिणाऱ्या पंडिताने सीमेवरच्या निरक्षर माणसाला साक्षीदार म्हणून बोलावले आणि त्याची साक्ष ग्राह्य धरली, ही गोष्ट लहान नव्हे.

कोणी विचारील, एवढी चर्चा कशासाठी? तर परिणामासाठी. स्वामित्व केवळ शास्त्रावरून ठरते असे मानले तर बापाने निषिद्ध मार्गाने मिळविलेले धन त्याचे झालेच नाही, आणि म्हणून मुलांना त्याची वाटणीही करता येणार नाही. स्वामित्व लौकिक मानले तर धन त्याचे झाले. प्रायश्चित्त मिळविणाऱ्याने घ्यावे, मुलांना ते वारसा म्हणून मिळाले, त्यांस दोष नाही. हा निष्कर्ष आम्हांस पुरता रुचतो असे नाही. परंतु हेतू आणि निष्कर्ष यांना जोडणारी साखळी कशी कडीकडीने तपासावी हे येथे दिसते.

आता त्या मुलीचा मुद्दा. मुलाचे स्वामित्व वाटणी झाल्यावर निर्माण होते, की ते आधीच असते आणि वाटणी केवळ त्याचे भाग पाडते? पूर्वपक्ष म्हणतो, वाटणीनेच निर्माण होते. जन्मतःच मुलगा धनी होत असेल तर बापास त्याच्या संमतीवाचून धर्मकृत्यासाठीही पैसा वेचता येणार नाही. मग शास्त्राने बापास सांगितलेली कर्मे व्हावयाची कशी? विज्ञानेश्वरांचे उत्तर थोडक्यात असे: 'वाटणी' हा शब्दच मुळी अनेकांच्या मालकीच्या धनाविषयी वापरला जातो. परक्याच्या धनाची वाटणी होत नाही, बेवारशी वस्तूचीही होत नाही. ज्याअर्थी बापलेक वाटणी करतात, त्याअर्थी लेकाचे स्वामित्व आधीपासून आहे. ते जन्मानेच आहे, आणि ही गोष्ट लोकांत प्रसिद्धच आहे. राहिली बापाची अडचण. आवश्यक धर्मकृत्ये, कुटुंबाचे पोषण, संकटाचे निवारण यांसाठी बापास मोकळीक आहे; स्थावर मात्र मुलांस डावलून त्यास विकता येत नाही.

वाटणी म्हणताच मालकी गृहीत धरली जाते. सोड म्हणतानाही मालकी गृहीत धरली जाते. दोन्ही युक्तिवादांचा सांगाडा एकच. नववीतल्या मुलीने मिताक्षरा वाचलेली नव्हती, याविषयी आम्हांस शंका नाही. तिने लोकांच्या तोंडचा शब्द उचलला आणि त्याच्या पोटात काय आहे ते उघडून दाखविले. आम्ही मात्र लिहिले, 'मुद्दे अपुरे.'

विज्ञानेश्वरांचेच खरे, असे मात्र कोणी समजू नये. बंगालात जीमूतवाहनाने 'दायभाग' ग्रंथात नेमके विरुद्ध मत मांडले. बाप जिवंत असता मुलाचे काहीही नाही; बापाचे स्वामित्व संपले म्हणजेच मुलाचे उत्पन्न होते. मान्य स्मृती दोघांनाही त्याच, निष्कर्ष निराळे. बंगालातील घरे एका तर्काने चालली, कल्याणची आणि कोंकणची दुसऱ्याने. तर्काने सर्वांना एकाच गावी नेऊन पोचविले पाहिजे असा नियम नाही. कोणत्या फाट्यावर आपण वळलो आणि का, हे सांगता आले पाहिजे, इतकेच.

आमच्या लेखी विज्ञानेश्वरांचे सर्वात मोठे धैर्य निराळ्या ठिकाणी आहे. विभक्त झालेला पुरुष निपुत्रिक वारला तर त्याचे धन पत्नीस मिळावे काय, हा वाद त्यांच्या काळी पेटलेला होता. एक पक्ष म्हणे, धन यज्ञासाठी निर्माण झाले आहे. स्त्रीस यज्ञाचा अधिकार नाही. म्हणून तिला धन नाही. तीन वाक्यांचा किती घट्ट विणलेला युक्तिवाद! विज्ञानेश्वर पहिल्याच वाक्याला हात घालतात. सारे धन जर यज्ञासाठीच असेल तर दान कशाने करावयाचे, आणि अर्थ व काम हे पुरुषार्थ कशाने साधावयाचे? यज्ञासाठी म्हणून जे मिळविले तेवढेच यज्ञासाठी. पहिला टेकू निघाला की पुढची दोन्ही वाक्ये आपोआप खाली येतात. पत्नीस अधिकार मिळाला. तसेच आईबापांच्या क्रमाविषयी. निपुत्रिक मुलाचे धन आधी आईस की बापास? ते म्हणतात आधी आईस, आणि कारण देतात: बाप सवतीच्या मुलांचाही असतो, आई तशी वाटून घेतलेली नसते, म्हणून आईचे सान्निध्य अधिक.

सपिंड या शब्दाचेही तसेच. श्राद्धात पिंड देणारा तो सपिंड, हा अर्थ बाजूस सारून त्यांनी शरीराचा अर्थ घेतला. ज्यांच्या देहांत एकाच देहाचे अंश उतरले आहेत ते सपिंड. आक्षेप आलाच: या अनादि संसारात मग सगळेच एकमेकांचे सपिंड होतील! त्यावर त्यांनी बापाकडून सातवी आणि आईकडून पाचवी पिढी ही मर्यादा सांगितली आणि 'पंकज' शब्दाचा दाखला दिला. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले; पण आपण कमळालाच पंकज म्हणतो, बेडकाला नाही. (बेडूक आमचा, कमळ विज्ञानेश्वरांचे.)

आणि येथेच एक प्रश्न त्यांच्या ग्रंथाला विचारावासा वाटतो. देहाचे अंश मुलीतही उतरतात. स्वामित्व जन्माने येते, आणि जन्म मुलीचाही होतो. मग जन्मसिद्ध स्वामित्व मुलापाशीच का थांबावे? आधीच्या दोन वाक्यांतून तिसरे सहज निघत होते. त्यांनी ते काढले नाही. ते काळाचे बंधन म्हणा वा परंपरेचे. परंतु तर्काची गंमत अशी की तो एकदा नीट मांडून ठेवला की मांडणारा जेथे थांबला त्याच्या पुढेही चालत जातो.

त्यास फार वर्षे लागली. डॉ. आंबेडकरांनी पुढे नेलेल्या हिंदू संहितेच्या मसुद्यात मुलांचे जन्मस्वत्वच रद्द करण्याची तरतूद होती. ती टिकली नाही आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस बापाच्या स्वतःच्या हिश्शात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध भागीदारी पुरुषांकडेच राहिली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने मुलींनाही ती दिली. मात्र तोपर्यंत ज्यांची लग्ने झाली होती त्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने भागीदार झाली. तरीही वाद उरला. त्या दिवशी बाप हयात नसेल तर? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने त्याचा निकाल लावला: बाप हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडावयाच्या नाहीत. या निकालाचा कणा कोणता असेल? अप्रतिबंध दाय आणि सप्रतिबंध दाय हा विज्ञानेश्वरांचाच भेद. ज्याचा हक्क जन्माने येतो त्याच्या वाटेत दुसऱ्याचे जगणे वा मरणे आडवे येत नाही, तो अप्रतिबंध; ज्याला मालकाच्या मृत्यूची वाट पाहावी लागते तो सप्रतिबंध. मुलीचा हक्क पहिल्या जातीचा ठरला आणि बापाच्या हयातीचा प्रश्न गळून पडला. मुलींसाठी न केलेला भेद मुलींच्या कामी आला.

आता आमच्या स्पर्धेतील मुलाचा पूर्वपक्षही आम्ही नीट मांडला पाहिजे. नाहीतर वरचे सारे लिहिणे ढोंग ठरेल. बहिणीच्या लग्नात घराने कर्ज काढलेले असते. म्हाताऱ्या आईबापांना भाऊ सांभाळतो. दोन एकरांचे चार तुकडे झाले तर कोणाचेच पोट भरत नाही. आणि हिस्सा मागितला की माहेर तुटते.

लग्नाचा खर्च हिशेबात धरावयाचा तर भावाच्या लग्नाचा आणि शिक्षणाचाही धरावा. आणि त्यात हुंडा असेल तर तो १९६१ पासून गुन्हा आहे, गुन्ह्याची रक्कम वजा मागता येत नाही. आईबापांना जो सांभाळतो त्यास काही अधिक द्यावे असे घराने ठरविल्यास आम्हांस ते न्याय्य वाटेल. परंतु तो नियम भाऊ-बहीण पाहून नव्हे, सांभाळणारा पाहून लावावा लागेल. तुकड्यांची भीती खरी आहे. पण चार भाऊ असले म्हणजे चौथ्याने हक्क सोडावा असे कोणी सांगत नाही. तेव्हा ती भीती फक्त बहिणीलाच का आठवते, याचे उत्तर द्यावे लागेल. राहिले माहेर. हा मुद्दा सर्वात बळकट आहे आणि तो तर्काने खोडता येत नाही, कारण तो युक्तिवाद नव्हेच. 'हिस्सा मागितलास तर दार बंद' हे कारण नसून धमकी आहे, मग ती कितीही गोड आवाजात आणि ओवाळणीच्या तबकासह दिलेली असो. बहिणीने प्रेमाने आपला भाग भावास द्यावा, त्यास कायदा आड येत नाही, आम्हीही येत नाही. मात्र देणाऱ्यास आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे आणि 'नाही' म्हणण्याची मुभा असावी. एरवी त्यास देणे म्हणत नाहीत.

हे सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हा प्रश्न उरतो. स्पर्धा संपल्यावर त्या मुलीने दाराशी थांबून सहज विचारले होते, "सर, तुम्हांला बहीण आहे?" आम्ही 'आहे' म्हणून घाईने शिक्षकखोलीकडे वळलो.

आमचे घर कारवारकडचे. थोडे भातशेत, काही माड. वडील गेल्यावर वर्षभराने थोरल्या बहिणीस आम्ही दोघा भावांनी नोंदणी कचेरीत नेले. हक्कसोडपत्र लिहून तयार होते. त्यात काय आहे हे तिला कोणी वाचून दाखविले नाही. आम्हीही नाही, आणि घरात पदवीधर आम्हीच. तिने एवढेच विचारले, "सय खंय करूं?" आम्ही बोट ठेवून जागा दाखविली. बाहेर आल्यावर तिघांनी चहा घेतला आणि ती दुपारच्या गाडीने सासरी गेली.

नोंदलेले हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही, असे वकील सांगतात. परंतु भावाने आपल्या हिश्शातून बहिणीस बक्षीसपत्र करून देण्यास अडचण नाही. गेल्या महिन्यात आम्ही बहिणीस पत्र लिहिले. शेताचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, आजची अंदाजे किंमत, त्या वेळी तिचा किती भाग होता आणि सहीने काय झाले, हे सारे कोंकणीत लिहिले, कारण ही गोष्ट तिला तिच्या भाषेत सांगणे आमच्याकडून राहून गेले होते. धाकट्या भावासही त्याची नक्कल पाठविली. त्याचा पूर्वपक्ष आम्हांस ठाऊक आहे, तो त्याने स्वतः मांडावा अशी विनंती केली. त्या मुलीच्या गुणपत्रिकेवरील शेरा खोडून तेथे सही केली आहे. बहिणीचे उत्तर अद्याप आलेले नाही.